खराब हवेतली बदकं आणि कॅमेरा

निफाड तालुक्यात पारा घसरला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत दोन छायाचित्रं ठरलेली असतात: एक शेकोटीचं, दुसरं धुक्यात बुडालेल्या रस्त्याचं. त्याच पहाटे, त्याच तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात त्या नांदूर मधमेश्वरच्या पाण्यावर हजारो रानबदकं बसलेली असतात. त्यांचं त्या हवेतलं छायाचित्र मात्र क्वचितच पाहायला मिळतं. आपल्याकडचं पक्षी-छायाचित्रण उन्हाच्या वेळापत्रकावर चालतं. सूर्य पाठीशी हवा, पाणी निळं हवं, पिसन् पीस स्पष्ट हवं. हवामान खात्याने ढगाळ वातावरणाचा अंदाज दिला की सहली पुढे ढकलल्या जातात. प्रदर्शनं आणि दिनदर्शिका पाहिल्या तर वाटावं, बदकं फक्त निरभ्र सकाळीच जगतात.

ती जगतात थंडीत, वाऱ्यात, धुक्यात आणि पावसात. सायबेरिया, मध्य आशिया, तिबेटपासून इथवर येणाऱ्या पक्ष्याचं शरीर घडलंय तेच मुळी अशा हवेसाठी. त्यामुळे खराब हवेत बदकाचं छायाचित्र कसं घ्यावं हा प्रश्न वरवर कॅमेऱ्याचा वाटला, तरी त्यात प्रकाशाचं शास्त्र आहे, पक्ष्याच्या शरीराची गणितं आहेत आणि काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या वागणुकीचा भाग तर सगळ्यात मोठा आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. अशा छायाचित्राची पहिली कसोटी तांत्रिक नाही. छायाचित्र घेण्यापूर्वी पक्षी जे करत होता तेच तो नंतरही करत राहिला का, ही पहिली कसोटी.

महाराष्ट्रात खराब हवेची बदकं दोन ऋतूंत भेटतात. हिवाळ्यातले पाहुणे म्हणजे थापट्या, तलवार बदक, चक्रांग, भुवई बदक, तरंग बदक, लालसरी आणि चक्रवाक. यांतला भुवई बदक सगळ्यांत आधी, ऑगस्टअखेर-सप्टेंबरातच दिसू लागतो, बाकीचे ऑक्टोबरपासून. पण सुरुवातीला आलेले बहुतेक नर मादीसारखेच मळकट दिसतात. वीण संपल्यावर बदकं पंखांची सगळी उड्डाणपिसं एकदम टाकतात, काही आठवडे त्यांना उडता येत नाही आणि त्या काळात नर आपला रंगीत पोशाखही उतरवून ठेवतो. नवी रंगीत पिसं हळूहळू येतात. भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई तर नीट खुलायला फेब्रुवारी उजाडतो. म्हणजे रंगीत नर हवा असेल तर डिसेंबर ते मार्च, आणि नेमका तोच काळ धुक्याचा, अवकाळी पावसाचा आणि कधीमधी गारपिटीचा.

दुसरा ऋतू पावसाळा. हळदी-कुंकू बदक, अडई, काणूक आणि नकटा ही इथलीच, स्थानिक बदकं, आणि त्यांची वीण पावसाच्या पाण्यावर चालते. नकट्याच्या नराच्या चोचीवरचा मांसल उंचवटा याच काळात फुगून मोठा होतो. काणूक झाडाच्या ढोलीत घरटं करतो आणि त्याची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर लवकरच ढोलीतून खाली उडी घेतात. भंडारा-गोंदियातले मामा तलाव आणि भोवतीची भातशेती हे या पक्ष्यांचं पावसाळी घर. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवणाऱ्याला ही बदकं त्यांच्या सर्वांत महत्त्वाच्या दिवसांत कधीच दिसत नाहीत.

धुकं सगळं सारखं नसतं, हे काठावर थोडे दिवस काढले की कळतं. निरभ्र, शांत रात्री जमीन उष्णता गमावते आणि जमिनीलगतची दमट हवा थंड होऊन धुकं बनते. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात जानेवारीत अनेकदा दुपारपर्यंत बसून राहतं ते हे धुकं. त्यात सूर्य फिकट तबकडीसारखा दिसतो आणि प्रकाश चारी बाजूंनी सारखा येतो. दुसरं धुकं पाण्यावरून उठणारी वाफ. तलावाचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, पाण्यालगतची दमट हवा वरच्या थंड हवेत मिसळली की वाफेचे पट्टे उठतात, वाऱ्याच्या झुळकीने सरकतात आणि ऊन चढलं की विरतात. नांदूरला दोन्ही मिळतात. पहिल्यात छायाचित्रकाराला दोन-तीन तास निवांत मिळतात, दुसऱ्यात फार तर अर्धा-पाऊण तास. पण उगवता सूर्य त्या वाफेमागे आला की समोर जे दिसतं ते भर उन्हाच्या कुठल्याही सकाळी दिसत नाही. इथे सूर्य पाठीशी घेण्याचा नियम सोडून द्यावा. धुक्याचे थेंब प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात, त्यामुळे सूर्याकडे तोंड केलं तरच धुकं उजळतं आणि त्यात बदकाची मान, चोच, शेपटीची रेषा काळ्या आकृतीत उमटते. तलवार बदकाची लांब मान आणि टोकदार शेपटी यासाठीच असावी असं वाटतं.

धुक्यात कॅमेरा दोन ठिकाणी फसतो. पहिलं म्हणजे प्रकाशमापन. समोरचं दृश्य मध्यम करडं आहे असं गृहीत धरून यंत्र मोजमाप करतं, म्हणून पांढरं धुकं छायाचित्रात राखाडी, मळकं येतं. एकपासून दीड स्टॉपपर्यंत जादा प्रकाश दिला की धुकं पुन्हा धुकं दिसू लागतं. भरल्या आभाळाखालच्या काळ्या पाण्यावर उलट करावं लागतं, तिथे प्रकाश कमी केला नाही तर चक्रवाकाचं फिकट डोकं जळून जातं. दुसरं म्हणजे फोकस. स्वयंचलित फोकसला उजेड-अंधाराची स्पष्ट सीमा लागते आणि धुकं नेमकी तीच पुसतं. मग लेन्स पुढेमागे धावत राहते किंवा जवळच्या पाणकणसाला जाऊन चिकटते. अशा वेळी चोच आणि पाणी जिथे भेटतात त्या रेषेवर एकच फोकसबिंदू ठेवावा, तेही जमलं नाही तर सरळ हाताने फोकस करावा. आणि मोठी टेलिलेन्स हा धुक्यावरचा इलाज नाही. शंभर मीटरवरचं बदक लेन्सने जवळ आणलं तरी मधलं शंभर मीटर धुकं तसंच राहतं. इलाज एकच: पक्षी जवळ येईपर्यंत बसून राहणं.

ढगाळ हवेची बाजू मात्र फार कमी लोक घेतात, म्हणून ती जरा ठासून मांडतो. थापट्याच्या नराचं डोकं गडद हिरवं, छाती पांढरीशुभ्र, कुशी तांबूस. कडक उन्हात पांढरं सांभाळलं तर डोकं काळं पडतं आणि डोकं सांभाळलं तर छाती जळते. ढगाखाली हे तिन्ही रंग एका छायाचित्रात नांदतात. शिवाय ऊन चढल्यावर पाण्यावर आणि गाळपेरीच्या जमिनीवर हवेची जी थरथर सुरू होते, जिच्यामुळे महागड्या लेन्सचीही छायाचित्रं धूसर येतात, ती दाट ढगांच्या दिवशी जवळजवळ नसते. उन्हात साडेनऊला संपणारी सकाळ ढगाळ दिवशी दुपारपर्यंत चालते.

वाऱ्याचा अभ्यास बदकांच्या बाबतीत सर्वांत जास्त फळ देतो. पाण्यावर विसावलेली बदकं सहसा वाऱ्याकडे तोंड करून बसतात, उतरतातही वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आणि उठतातही तसंच. म्हणून जोराचा वारा असेल त्या दिवशी वारा आपल्या पाठीवर येईल अशी जागा धरावी. उतरणारा थवा मग आपल्याकडे तोंड करून येतो, पाय पुढे काढलेले, पंख कमानीसारखे वाकलेले. शेपट्या टिपण्यात सकाळ घालवणाऱ्या अनेकांची अडचण एवढीच असते की ते चुकीच्या काठावर उभे असतात. वारा फारच वाढला तर बदकं आडोशाच्या काठाला, पाणकणसाच्या किंवा बेशरमाच्या दाटीमागे सरकतात, तेव्हा त्या आडोशासमोर आधीपासून बसलेल्यालाच ती दिसतात. उड्डाणाची रीतही जातीनुसार वेगळी. चक्रांग किंवा तलवार बदक पाण्यातून थेट वर उसळतं, तर बुड्या मारणारी लालसरी पाण्यावर पावलं आपटत लांब धावते आणि मग उठते. बदकाचे पंख इतके वेगाने हलतात की ते गोठवायला सेकंदाचा दोन हजारावा भाग लागतो. खराब उजेडात तो हवा असेल तर आयएसओ 3200, 6400 असा चढवावा लागतो. दाणेदार छायाचित्र चालतं. हललेलं, अर्धवट छायाचित्र चालत नाही.

की चालतं? वाऱ्यापावसात मला स्वतःला संथ शटर अधिक खरं वाटतं. थापट्यांची एक सवय आहे. बरेच पक्षी एकत्र जमतात, रुंद, फावड्यासारख्या चोची पाण्यात बुडवून गोल गोल फिरतात, एकाने ढवळलेलं पाणी मागचा गाळून घेतो. चोचीच्या कडेला कंगव्यासारख्या बारीक दात्यांची रांग असते, पाणी बाहेर जातं आणि बारीक जीव आत राहतात. एका अवकाळी पावसाच्या दुपारी मी बांधावरून असा एक घोळका पाहत होतो. पाऊस वाढला तरी एकाही पक्ष्याने मान वर केली नाही. पाठीवर पडलेला थेंब मणी होऊन घरंगळत होता, मधूनच एखादा नर शेपटी झटकत होता आणि पुन्हा चोच पाण्यात जात होती. सेकंदाच्या पंधराव्या भागाने घेतलेल्या छायाचित्रात पक्ष्यांचं वर्तुळ भोवऱ्यासारखं आलं, मध्ये एक-दोन डोकी तेवढी स्थिर. पिसांचा तपशील त्यात नाही, पण बदक पावसात काय करतं ते त्यात आहे.

पाऊस दाखवण्याचंही एक साधं गणित आहे. शटर सेकंदाच्या साठाव्या ते सव्वाशेव्या भागावर ठेवलं तर पावसाच्या रेघा येतात, हजाराव्या भागावर सुटे थेंब आणि पाण्यावरचे उडते कण. दोन्ही दिसायला मागे गडद काही लागतं, हिरवी झाडी, काळा बांध किंवा सावलीतलं पाणी. मागे पांढरं आकाश असेल तर मुसळधार पाऊसही छायाचित्रात दिसत नाही.

आता पक्ष्याच्या शरीराकडे येऊ, कारण काठावर कसं वागायचं ते त्यातूनच ठरतं. बदकाच्या बाहेरच्या पिसांची वीण इतकी घट्ट असते की पाणी आत शिरत नाही, आणि आतल्या मऊ पिसांत अडकलेली हवा ऊब धरते. ही व्यवस्था टिकवण्यासाठी पक्षी दिवसातला बराच वेळ शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीने पिसांना लावण्यात घालवतो. पाय उघडे, पण तिथेही सोय आहे: पायाकडे जाणारं गरम रक्त परतणाऱ्या थंड रक्ताला आपली ऊब देऊन टाकतं, त्यामुळे पाऊल गार राहतं आणि शरीराची उष्णता पाण्यात वाया जात नाही. एक पाय पोटाच्या पिसांत आणि चोच पाठीच्या पिसांत खुपसून बसलेलं बदक आळशी नसतं, ते काटकसर करत असतं. उड्डाणाला विश्रांतीच्या अनेक पटींनी शक्ती लागते. थंडीच्या पहाटे थवा एकदा उठवला की रात्रभर वाचवलेलं बरंचसं खर्ची पडतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर परतीच्या हजारो किलोमीटरांसाठी शरीरात चरबी साठवण्याचे दिवस असतात.

झोपेतही बदक पहाऱ्यावर असतं. 1999 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे दिसलं होतं. रांगेत झोपलेल्या बदकांपैकी कडेचे पक्षी एक डोळा उघडा ठेवून, म्हणजे मेंदूचा अर्धाच भाग झोपवून, मधल्यांपेक्षा जास्त वेळ झोपतात, आणि तो उघडा डोळा थव्याच्या बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. काठावर झोपलेल्या थव्याचं छायाचित्र घ्यायचं असेल तर कडेच्या पक्ष्याकडे पाहावं. त्याचा डोळा अर्धा मिटलेला आहे तोवर आपण ठीक अंतरावर आहोत. त्याने मान सरळ केली की थांबायचं, शेजाऱ्यांनीही केली की मागे सरायचं.

धुक्यात हे अधिक जपावं लागतं. आपल्याला पक्षी उशिरा दिसतो तसे आपणही त्याला उशिरा दिसतो, आणि मग थवा घाबरून एकदम उठतो. आपल्या धरणांच्या आणि बंधाऱ्यांच्या काठाकाठाने शेतीपंपांच्या वीजतारा गेलेल्या असतात. धुक्यात उठवलेल्या थव्याला त्या तारा दिसत नाहीत. यासाठी मी धुक्यात होडी वापरण्याच्या पूर्ण विरोधात आहे. एरवीही, उडत्या थव्याचं छायाचित्र हवं म्हणून होडी थेट थव्यात घालायला लावणारे पाहुणे अनेक पाणथळींवर असतात. नावाड्याचं पोट त्या फेरीवर असतं, तो नाही म्हणू शकत नाही. म्हणून नाही म्हणण्याची जबाबदारी होडीत बसलेल्याची आहे. ओडिशात चिलिका सरोवराच्या काठी मंगळाजोडी गावात पूर्वी पक्ष्यांची शिकार करणारे लोक आज पक्ष्यांचे राखणदार आहेत आणि पाहुण्यांना बांबूने रेटलेल्या होड्यांतून फिरवतात. इंजिनाचा आवाज नाही, घाई नाही, आणि पक्षी जागचा हलत नाही. भिगवणपासून जायकवाडीपर्यंत हे करता येण्यासारखं आहे. ड्रोनबद्दल तर चर्चाच नको: आकाशातून येणारी सावली पाणपक्ष्याला शिकारी पक्ष्याचीच वाटते, आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय तो उडवताही येत नाही.

खराब हवेतल्या बदकांविषयीची कितीतरी माहिती मुळात बंदुकीवाल्यांनी जमवलेली आहे. वादळी हवेत बदकं खालून आणि जवळून उडतात, वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, हे शिकाऱ्याला पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. भरतपूरला 12 नोव्हेंबर 1938 या एका दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकार मेळाव्यात 4,273 पक्षी मारले गेले, तो आकडा तिथल्या दगडी फलकावर आजही वाचायला मिळतो. इंग्लंडमध्ये पीटर स्कॉट तरुणपणी हिवाळ्याच्या दलदलीत बदकं आणि हंसबदकं मारत असे. पुढे त्याने बंदूक ठेवली आणि 1946 मध्ये स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांसाठी संस्था उभी केली. भरतपूरही आज राष्ट्रीय उद्यान आणि जागतिक वारसास्थळ आहे. आडोसा, वारा आणि धीर हे त्या शिकाऱ्यांचं ज्ञान छायाचित्रकाराने जरूर घ्यावं. पक्षी ‘पाडण्याची’ भाषा आणि आकड्यांची ईर्षा मात्र तिथेच सोडावी.

यंत्राची काळजी थोडक्यात सांगतो. लांब लेन्सहूड लावावा, वाऱ्याविरुद्ध लेन्स धरू नये, पावसात लेन्स बदलू नये, साधी प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड बहुतेक वेळा पुरतं. थंडीतून उबदार खोलीत आल्यावर कॅमेरा बॅगेतून लगेच काढू नये, आत-बाहेरचं तापमान सारखं होऊ द्यावं, नाहीतर काचेवर आतून दव धरतं. पावसाळ्यात वातानुकूलित गाडीतून बाहेर येतानाही हेच घडतं. कोकण-मुंबईच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते, तेव्हा भिजून आलेलं साहित्य तसंच कपाटात बंद करू नये. स्वतःसाठी दोनच गोष्टी: गाळपेरीच्या चिखलात एकट्याने उतरू नये, आणि वीज कडाडू लागली की उघड्या पाण्याचा काठ सोडावा.

संगणकावरचा भाग मात्र इतक्या सहज सोडता येत नाही. धुकं काढून टाकणारं एक बटण आता प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतं. ज्यासाठी पहाटे उठून गेलो तेच पुसून टाकण्यात काय अर्थ आहे? दाणे कमी करणारी नवी साधनं त्याहून धोक्याची आहेत, कारण जिथे तपशील नाही तिथे ती पिसांचा खोटा पोत तयार करतात. भुवई बदकाची मादी आणि चक्रांगाची मादी वेगळी ओळखायची ती चेहऱ्यावरच्या पट्ट्यांवरून आणि शेपटीशेजारच्या फिकट रेघेवरून. त्याच खुणा सॉफ्टवेअरने रचल्या असतील तर ते छायाचित्र नोंद म्हणून निकामी झालं. धुक्यातलं बदक ओळखू आलं नाही तर ‘बदक, जात अनिश्चित’ असं लिहिणं जास्त प्रामाणिक आहे.

एक गोष्ट निफाडच्या बांधांवरच उमगते. आपण ज्या धुक्याची वाट पाहतो त्याच धुक्याने द्राक्षबागायतदाराची झोप उडालेली असते. ढगाळ हवा आणि दव म्हणजे डाऊनी आणि भुरी या रोगांना आमंत्रण. आपण कॅमेरा घेऊन त्याच्या बागेच्या कडेने जातो तेव्हा तो फवारणीच्या तयारीत असतो. त्याच्या बांधावर गाडी लावण्यापूर्वी त्याला विचारावं, आणि पक्षी कुठे उतरतात हेही त्यालाच विचारावं. ते त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

नांदूर मधमेश्वरला 2020 साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रात तो पहिलाच. त्यानंतर गर्दी वाढली, कॅमेरेही वाढले. आशियाई पाणपक्षी गणना दरवर्षी जानेवारीत, ऐन थंडी-धुक्यात होते. तेव्हा या जानेवारीत ढगाळ अंदाज पाहून सहल रद्द करू नका. आपल्या गावाजवळच्या तलावावर जा, बांधावर एका जागी बसा, आणि छायाचित्रासोबत तारीख, वेळ, हवा आणि पक्ष्यांची संख्या लिहून ती नोंद गणनेला द्या.